अजिंठ्याच्या नकला का जळाल्या?

अजिंठ्याला शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांच्या कानांवर एक गोष्ट बहुधा आलेली असते. लेण्यांतल्या चित्रांना शाप आहे. जो कोणी त्यांची नक्कल करून बाहेर नेतो, त्याची नक्कल आगीत जाते. पुरावा म्हणून तीन घटना सांगितल्या जातात. मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रे १८६६ साली लंडनला जळाली, जॉन ग्रिफिथ्स यांची १८८५ साली तिथेच जळाली, आणि जपानी चित्रकार आराई कांपो यांची १९२३ साली टोकियोत नष्ट झाली. सहलीहून परतलेली मुले ही गोष्ट निबंधात लिहितात. वर्गात ती सांगितली की मुले गप्प बसून ऐकतात, त्यामुळे शिक्षकांनाही ती सोडवत नाही.

तीनही घटना खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची चिकित्सा करण्यासाठी हा लेख आहे. शापावर विश्वास ठेवू नये एवढेच सांगायचे असते तर लेखाची गरज नव्हती. ते वाचकांना ठाऊकच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टीत आग चित्राला लागते. इमारत, टांगणी, कापड, त्यावरचे तेल यांपैकी कशाचाही तीत उल्लेख येत नाही. त्यामुळे सार्वजनिक इमारतीत टांगलेले कापड का पेटते, आणि ते पेटेल की नाही हे आधी कसे तपासायचे, हा प्रश्न विचारलाच जात नाही. हा प्रश्न लंडनपुरता नाही. तो आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपापर्यंत येऊन पोचतो.

आधी घटना नीट पाहू. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि त्यांची वार्ता बाहेर पसरली. पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. १८४० च्या दशकाच्या मध्यापासून १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, गिल या कामात होते. मराठी वाचकांना गिल आणि पारो ही नावे ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे आणि २०१२ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे परिचित आहेत. परंतु गिल यांचे काम नेमके कशावर आणि कशाने केलेले होते, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ती सुमारे तीस मोठी चित्रे होती, कॅनव्हासवर तैलरंगात केलेली. ती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली, इमारतीचा उत्तरेकडचा भाग जळाला, आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी सोडून गिल यांची सर्व चित्रे गेली. गिल पुन्हा अजिंठ्याच्या कामाला लागले. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नकलांचे काम नव्याने केले. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात (आताचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) पाठवण्यात आली. १८८५ साली तेथील कोठारात आग लागून शंभराहून अधिक चित्रे जळाली. आराई कांपो यांचे काम याहून निराळे होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि १९१६ ते १९१८ या काळात त्यांनी जपानी कागदावर रेखाटने करून नकला तयार केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. या भूकंपात आणि त्यामागोमाग पसरलेल्या आगींत एक लाखाहून अधिक माणसे मेली. एवढ्या मोठ्या संहारातून नेमकी अजिंठ्याची चित्रे तेवढी वेचून काढायची आणि त्यांना शाप होता म्हणायचे, याला काय म्हणावे?

शापाच्या गोष्टीतला पहिला दोष गणिताचा आहे. ती जळालेल्या नकला मोजते, वाचलेल्या मोजत नाही. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ नकला लंडनच्या संग्रहालयात आजही आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या सुमारे ६ मीटर लांब व साडेतीन मीटर उंच आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास चित्रांवर २००६ साली जतनाचे काम झाले. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये छापून निघाला. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन नकला केल्या आणि १९१५ साली त्यांचा ग्रंथ निघाला. निजामाच्या राज्यात गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात रंगीत छायाचित्रांचे चार खंड सिद्ध केले. हे सगळे मोजले की शाप फारच आळशी ठरतो.

योगायोगच शोधायचे तर हवे तेवढे मिळतात. क्रिस्टल पॅलेसची आग ३० डिसेंबरची. अमेरिकेत शिकागो येथील इरोक्वॉय नाट्यगृहाची भीषण आग १९०३ सालची, तीही ३० डिसेंबरचीच. तेथे अजिंठ्याचे काहीही नव्हते. या दुसऱ्या आगीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता मूळ चित्रे आणि नकला यांच्यातला फरक पाहू. अजिंठ्याची भिंत म्हणजे बेसॉल्टचा काळा पाषाण. त्यावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर मुख्यतः खनिज रंग. या गिलाव्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले, अजिंठ्यात ते आढळत नाहीत आणि तेथे किड्यांनी गिलावा अधिक खाल्ला आहे, असे त्या संशोधकांचे निरीक्षण आहे.) शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. हे तंतू म्हणजे रासायनिकदृष्ट्या मुख्यतः सेल्युलोज. आणि कॅनव्हास म्हणजे ताग, अंबाडी, जवस किंवा कापूस यांचे जाड कापड; तेही सेल्युलोजच. पदार्थ तोच असताना एक दीड हजार वर्षे भिंतीत राहिला आणि दुसरा काही वर्षांत जळून गेला.

फरक मांडणीचा आहे. गिलाव्यातला तंतू चारही बाजूंनी मातीने वेढलेला असतो. त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. त्याला मिळालेली उष्णता भोवतालची माती आणि मागचा प्रचंड खडक शोषून घेतो, त्यामुळे त्याचे तापमान चढतच नाही. कॅनव्हास चौकटीवर ताणला की त्याला पुढूनही हवा आणि मागूनही हवा. जाडी एखाद्या मिलिमीटरची, म्हणजे तापायला वेळ लागत नाही. सेल्युलोज ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या सुमारास विघटित होऊ लागते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. ज्योत दिसते ती या वायूंची. टांगलेल्या कापडाला खालून ज्योत लागली की तापलेले वायू वर जातात आणि वरचे न पेटलेले कापड आधीच तापवून ठेवतात. म्हणून उभ्या कापडावर आग वरच्या दिशेने कित्येक पट वेगाने धावते. सहा मीटर लांब, साडेतीन मीटर उंच चित्र म्हणजे आगीच्या दृष्टीने तेवढ्याच आकाराचा पडदा.

त्यावर तेलाची भर. तैलरंगात जवसाचे तेल असते. हे तेल वाळते म्हणजे त्यातले पाणी उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. याच कारणाने जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या ढिगाने टाकल्या तर आपोआप पेटू शकतात. भिंतीवरच्या चित्रातली उष्णता मात्र हवेत निघून जाते, त्यामुळे तो धोका तेथे नसतो. पण वाळलेला थर हा शेवटी सेंद्रिय, जळणारा थरच असतो. त्यावर चकाकीसाठी राळेचे व्हार्निश दिले की आणखी एक. ग्रिफिथ्स यांच्या गटाने चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतीवरच हलके व्हार्निश फासले, आणि त्याने मूळ चित्रांचे जे नुकसान केले ते कोणत्याही शापाने केलेले नाही. त्या व्हार्निशची चर्चा आमच्या सहलींत कितीदा होते?

राहिली इमारत. क्रिस्टल पॅलेस लोखंड आणि काचेचा होता. हे दोन्ही पदार्थ जळत नाहीत, म्हणून इमारत सुरक्षित, असा समज सहज होतो. पण तिची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि आत लाकूड, कापड, कागद, चित्रे, शोभेच्या वस्तू खच्चून भरलेल्या होत्या. ३० नोव्हेंबर १९३६ रोजी उरलेला सगळा पॅलेसही जळून कोसळला. शिकागोचे इरोक्वॉय नाट्यगृह आगीपूर्वी जेमतेम महिनाभर आधी उघडले होते आणि ते पूर्णपणे अग्निरोधक आहे, अशी त्याची जाहिरात होती. रंगमंचावरच्या आर्क दिव्यापाशी एका कापडाने पेट घेतला, वरच्या रंगवलेल्या पडद्यांपर्यंत आग पोचली, आग अडवण्यासाठी असलेला मोठा पडदा अर्ध्यात अडकला, आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. इमारतीचा सांगाडा बऱ्यापैकी शाबूत राहिला. अग्निरोधक हा शब्द भिंतींबद्दल खरा होता, आत टांगलेल्या कापडाबद्दल नव्हता.

हे टाळता आले असते का? ज्ञान तर उपलब्ध होते. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने नाट्यगृहांतील पडद्यांना आग लागू नये म्हणून काय करता येईल हे शोधायला सांगितले, आणि रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८२१ साली अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड भिजवण्याचा उपाय सांगितला. वायूंच्या नियमासाठी आपण ज्यांचे नाव नववी-दहावीपुढच्या मुलांना शिकवतो, तेच हे गे-ल्युसाक. म्हणजे गिल यांची चित्रे जळाली तेव्हा या उपायाला पंचेचाळीस वर्षे झाली होती.

हा उपाय कसा चालतो तेही पाहण्यासारखे आहे. फॉस्फेटसारखी रसायने सेल्युलोजच्या विघटनाचा मार्गच बदलतात. ज्वालाग्राही वायू कमी निघतात. त्याऐवजी सेल्युलोजमधले पाणी बाहेर पडते आणि मागे कोळसा उरतो. टाकणखार आणि बोरिक आम्ल तापल्यावर वितळून तंतूंवर काचेसारखा थर धरतात आणि स्वतःतले पाणी सोडतात. नवसागराचे वायू ज्योतीतली रासायनिक साखळी मंद करतात. कापड काळे पडते, झिजते, पण ज्योत पुढे सरकत नाही.

अर्थात गिल यांचा कॅनव्हास या द्रावणात बुडवायला हवा होता, असे म्हणणे बरोबर नाही. क्षार दमट हवेत पाणी ओढतात, पृष्ठभागावर फुलून येतात, रंगाची पकड सोडवतात. चित्र आगीपासून वाचवण्यासाठी चित्रच खराब करणे हा काही मार्ग नव्हे. चित्रासाठी उपाय बाहेरून करावे लागतात: दोन दालनांमध्ये आग अडवणारी भिंत, उघड्या ज्योतींना मज्जाव, आणि सगळ्या नकला एकाच छपराखाली न ठेवणे. दोन्ही लंडनच्या आगींत हा शेवटचा मुद्दाच निर्णायक ठरला. पडद्याचे तसे नाही. पडदा, झालर, मंडपाचे कापड यांवर प्रक्रिया करता येते आणि ती झाली आहे की नाही हे तपासताही येते. येथून आमच्या टीकेचा दुसरा भाग सुरू होतो, कारण तपासण्याच्या पद्धतीही शापाच्या गोष्टीइतक्याच भोळ्या असू शकतात.

सर्वांत जुनी पद्धत आगकाडीची. कापडाच्या कोपऱ्याला पेटती काडी धरायची, पेटले नाही तर कापड चांगले. अमेरिकेत बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या नाचगाण्याच्या क्लबात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे मेली. तेथे छताला शोभेचे कापड ताणलेले होते आणि कृत्रिम ताडांची झाडे उभी होती. आगीच्या आठच दिवस आधी अग्निशमन दलाच्या निरीक्षकाने या सजावटीला आगकाडी लावून पाहिली होती आणि ती समाधानकारक असल्याचा शेरा दिला होता. निरीक्षकाने कामचुकारपणा केला असे नाही. काडीची ज्योत लहान, क्षणभराची आणि एका ठिकाणी लावलेली. खरी आग या तिन्ही बाबतींत निराळी असते.

प्रयोगशाळेतली एक प्रसिद्ध कसोटी म्हणजे सीमांत ऑक्सिजन निर्देशांक. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मिश्रणात पदार्थ जळत राहण्यासाठी कमीत कमी किती टक्के ऑक्सिजन लागतो, ते यात मोजतात. सुती कापडाला सुमारे १८ टक्के पुरतो, पॉलिएस्टरला २० ते २१, लोकरीला सुमारे २५. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असल्यामुळे सूत सहज जळते आणि लोकर सहसा जळत नाही. आकडा सुटसुटीत आहे, पाठ्यपुस्तकात शोभतो. पण या कसोटीत नमुना वरच्या टोकाला पेटवतात आणि तो मेणबत्तीसारखा वरून खाली जळतो. म्हणजे आगीला सर्वांत अवघड वाटेने जायला लावतात. शिवाय ती साध्या तापमानाला घेतात. भोवताल तापला की तोच पदार्थ कमी ऑक्सिजनमध्येही जळू लागतो. पडद्याचा धोका नेमका याच्या उलट परिस्थितीत असतो. त्यामुळे दोन कापडांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, सभागृहाची सुरक्षितता ठरवायला नाही.

दुसरी कसोटी उभ्या पट्टीची. कापडाची पट्टी उभी टांगून खालच्या कडेला ठरावीक सेकंद ज्योत लावतात; ज्योत काढल्यावर ते किती वेळ जळत राहते आणि किती लांबीपर्यंत करपते हे मोजतात. ही पुष्कळ बरी. तरी तिच्यातही एक फट आहे, आणि ती कृत्रिम धाग्यांनी उघड केली. पॉलिएस्टर २५५ ते २६० अंशांच्या सुमारास वितळते. ज्योत जवळ आली की पट्टी आक्रसते, ज्योतीपासून दूर पळते किंवा वितळून थेंबाथेंबाने गळते. उरलेली पट्टी शांत. कसोटी उत्तीर्ण! पण गळालेला थेंब पेटता असेल तर खाली बसलेल्या माणसांवर पडतो. आणि पडदा चुण्यांचा असला, किंवा त्याला सुती अस्तर असले, तर पॉलिएस्टरला पळायला जागाच राहत नाही. सूत वितळत नाही तर कोळसा होऊन उभे राहते, वितळलेले पॉलिएस्टर त्यावर दिव्यातल्या तेलासारखे चढते आणि सूत वातीचे काम करते. म्हणून दोन्ही धाग्यांचे मिश्र कापड कधी कधी त्या दोघांपैकी कोणत्याही एकापेक्षा वाईट जळते. सुटा नमुना तपासून हे कळत नाही.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ७०१ क्रमांकाच्या मानकात जुनी छोटी चाचणी होती. तीत उत्तीर्ण झालेली कापडे मोठ्या चाचणीत जोरात जळतात असे आढळल्यावर १९९० च्या दशकात ती काढून टाकण्यात आली. तिच्या जागी आलेल्या चाचणीत ज्योत ४५ सेकंद लावतात आणि नमुन्यांचे वजन सरासरी ४० टक्क्यांहून अधिक घटता कामा नये, तसेच गळालेले थेंब सरासरी दोन सेकंदांहून अधिक जळता कामा नयेत, असे पाहतात. जाड व अनेक थरांच्या कापडांसाठी वेगळी मोठी चाचणी आहे. मानक बदलले याचे कारण कोणीतरी छोट्या चाचणीचा निकाल प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. विज्ञानाचा हा भाग मुलांना सांगण्यासारखा आहे. मोजमाप करणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच आपण मोजतो ते आपल्याला हवे तेच आहे का हे विचारणे.

आपल्याकडे पडद्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५७४१ हे २००७ सालचे मानक आहे. मंडपांसाठी आयएस ८७५८ आहे. मंडपाच्या कापडासाठी सांगितल्या जाणाऱ्या द्रावणाचे वजनी प्रमाण असे: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक आम्ल १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर मंडपात वापरू नयेत, असेही सांगितले जाते. यामागचे कारण साधे आहे. सूत पाणी पिते. सामान्य हवेतही त्यात वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा असतो. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. ते द्रावणात बुडवले तरी क्षार आत शिरत नाहीत, वरवर चिकटून झडून जातात. आणि सुती कापडातलेही हे क्षार पाण्यात विरघळणारेच आहेत. आमच्याकडे मंडप सर्वांत जास्त उभे राहतात ते भाद्रपदात. एक चांगली सर आली की द्रावण गटारात. श्रावणात मिळालेला कागद मात्र विसर्जनापर्यंत फायलीत तसाच राहतो.

कागदाबद्दल आमची तक्रार हीच आहे. प्रमाणपत्र एका नमुन्याचे असते, एका दिवसाचे असते. एका सभागृहात आम्हांला पडद्याचे प्रमाणपत्र मोठ्या विश्वासाने दाखवण्यात आले. ते खरेदीच्या वेळचे होते, मूळ कापडाचे होते. त्यानंतर पडदा दोनदा धुतला गेला होता आणि त्याला मागून नवे अस्तर शिवले होते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतल्या अग्निसुरक्षा व्यवस्थेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ही तरतूद चांगली आहे. पण ते प्रमाणपत्र प्रामुख्याने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे असते. रंगमंचावर परवा आणून लावलेल्या झालरीबद्दल ते काही सांगत नाही. शापाची गोष्ट सांगणारा माणूस आणि फायलीतला कागद दाखवणारा माणूस, दोघेही छताकडे वर मान करून पाहत नाहीत.

शिक्षकांसाठी हे सगळे दूरचे नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचा बक्षीस समारंभ कृत्रिम कापडाच्या मंडपात चालू होता. मंडपाने पेट घेतला, काही मिनिटांत सगळे छत वितळत, जळत खाली आले. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. ४४२ माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत उद्ध्वस्त झाले. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची ही वास्तू. तेथे त्या वेळी प्रेक्षक नव्हते, म्हणून माणसे वाचली. रंगमंच म्हणजे लाकूड, दोर, पडदे आणि तापणारे दिवे यांची एकत्र मांडणी, हे त्या दिवशी पुन्हा एकदा दिसले.

वर्गात यातले काय करून दाखवता येईल? प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलांना दोन-तीन मीटर दूर उभे करावे, उघड्या जागेत, वारा नसताना. अंगात सुती कपडे, शेजारी पाण्याची बादली, खाली ओल्या वाळूने भरलेली लोखंडी परात, आणि पट्टी धरायला लांब चिमटा. पट्ट्या दोन सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर लांब पुरेत, याहून मोठ्या नकोत. पॉलिएस्टरचा थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो, म्हणून ती पट्टी हातात कधीही धरू नये.

प्रथम साध्या सुती पट्ट्या घ्याव्यात. एक आडवी धरून, एक उभी धरून खालून, आणि एक उभी धरून वरून पेटवावी आणि प्रत्येकीला संपायला किती सेकंद लागतात ते मुलांनी लिहावे. खालून पेटवलेली आणि वरून पेटवलेली पट्टी यांच्या वेळांतला फरक पाहिला की ऑक्सिजन निर्देशांकावरचा आमचा आक्षेप आणखी समजावून सांगावा लागणार नाही. मग टाकणखार ७ भाग आणि बोरिक आम्ल ३ भाग कोमट पाण्यात विरघळवावे. बोरिक आम्ल म्हणजे कॅरमची पावडर. पाकिटावर ते नाव पाहून घ्यावे, कारण अलीकडे वेगळे पदार्थही त्या नावाने विकतात. त्यात सुती पट्ट्या भिजवून पूर्ण वाळवाव्यात. द्रावण तोंडात जाऊ देऊ नये, हात धुवावेत. या पट्टीला खालून ज्योत लावली तर ती करपते, पण ज्योत काढताच विझते. मुलांना हे जादूसारखे वाटते. तेवढ्यावर थांबू नये.

त्याच द्रावणातली दुसरी पट्टी नळाखाली दोन मिनिटे धुऊन, वाळवून पुन्हा तपासावी. तिसऱ्या खेपेस पॉलिएस्टरची पट्टी एकटी आणि मग तीच सुती पट्टीला टाचून, दोन्ही एकत्र. एकटी आक्रसून बाजूला होते. जोडीने काय होते ते मुलांनी आधी अंदाजाने लिहावे आणि नंतर पाहावे. सगळ्या नोंदी एका तक्त्यात घ्याव्यात आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक पट्टी आपल्या सभागृहात कोठे आढळते ते लिहावे: खिडकीचा पडदा, रंगमंचाची झालर, संमेलनात मागे लावायचे छापील फलक, थर्माकोलच्या कमानीवर ताणलेले सॅटिन. मंडपवाल्याला विचारायचे प्रश्न मुलेच तयार करतात. कापड कशाचे आहे, द्रावणात कधी भिजवले, त्यानंतर पाऊस लागला का, आणि दिव्यापासून ते किती अंतरावर बांधणार.